जीर्णोद्धार की विटंबना?

‘जुने होते ते जीर्ण झाले, नव्या साधनांनी ते पुन्हा घडविले, म्हणून आता ते पूर्वीहून उत्तम झाले’ हे विधान हल्ली दोन ठिकाणी सारख्याच निःशंकपणे केले जाते : चित्रपटांच्या बाजारात आणि देवळाच्या सभामंडपात. विधानाचा पहिला भाग बहुधा खरा असतो, दुसरा तर डोळ्यांना दिसतोच. परंतु या दोहोंतून तिसरा निष्कर्ष कसा निघतो, हे कोणी विचारीत नाही. ते विचारावे, आणि शक्य तितक्या स्पष्टपणे विचारावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. देह नवा घडविण्याला आमचा विरोध नाही. ज्या संकल्पासाठी पहिला देह घडविला गेला, तो संकल्प नव्या देहात उतरला की नाही, हीच जीर्णोद्धाराची खरी कसोटी होय. तो उतरला नसेल, तर कितीही द्रव्य ओतलेले असो, त्या कृत्याचे नाव विटंबना हेच आहे.

या प्रतिपादनासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत, ते ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. कुळाचार, उत्सव आणि क्षेत्रमाहात्म्य यांची चर्चा करणाऱ्या या पानांत जपानी चलच्चित्रांचे काय काम? जपानी लोक ज्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात, त्या रेखाटलेल्या चित्रपटांचा एक वर्ग ‘सायबरपंक’ या नावाने ओळखला जातो. यंत्रे फार पुढे गेली आहेत आणि माणूस मात्र अधिकच निराधार झाला आहे, अशा नजीकच्या भविष्यातील महानगरांच्या या कथा. त्यांपैकी कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ (१९८८) आणि मामोरू ओशी यांचा ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) हे दोन चित्रपट आज अभिजात मानले जातात. आमच्या घरांतील तरुण मुले हे चित्रपट पाहतात. चोर्ल्याच्या वाटेवरील जांबोटीसारख्या डोंगराळ गावातही ते मोबाइलवरून येऊन पोहोचले आहेत. वडीलधारी माणसे त्यांना पोरखेळ समजतात. पण दुसऱ्या चित्रपटाच्या नावाचाच अर्थ ‘कवचातील चैतन्य’ असा होतो; आणि देह कोणता व देही कोण या प्रश्नाला पोरखेळ म्हणण्याचा अधिकार, निदान नित्य गीतापाठ करणाऱ्या समाजाला तरी, आहे असे आम्हांस वाटत नाही.

मासामुने शिरो यांच्या १९८९ पासून प्रसिद्ध झालेल्या चित्रकथेवर ओशी यांचा हा चित्रपट आधारलेला आहे. काळ इसवी सन २०२९. मोतोको कुसानागी ही सरकारच्या ‘नवव्या विभागा’तील अधिकारी. तिचे सारे शरीर कारखान्यात घडविलेले. मूळचा म्हणून मेंदूचा काही अंश तेवढा उरलेला, आणि त्यात वसते ते तिचे ‘चैतन्य’. नौकेवर बसून सहकाऱ्याशी बोलताना एक गोष्ट निघते : नोकरी सोडायची झाली, तर हे शरीर सरकारला परत करावे लागेल, आणि त्या शरीरासोबत सरकारी कामातल्या स्मृतीही. कुळे आणि मालक यांचे तंटे आमच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पण ज्या घरातून निघायचे ते घर म्हणजे आपला देहच, असे कूळ अद्याप कोणत्याही न्यायालयापुढे उभे राहिलेले नाही. त्याच चित्रपटात कचरा उचलणारा एक साधा मनुष्य आहे. पत्नीच्या आणि मुलीच्या आठवणींवर तो जगतो. चौकशीत त्याला सांगण्यात येते, की पत्नी नाही, मुलगी नाही. त्या आठवणी दुसऱ्याच कोणी त्याच्या मेंदूत पेरल्या आहेत. हे ऐकताना त्याचा जो चेहरा होतो, तो पाहणाऱ्याने पुन्हा या चित्रपटांना पोरखेळ म्हणून दाखवावे.

पुढे कथेत एक ‘सूत्रधार’ येतो. तो मनुष्य नव्हे. सरकारच्याच एका खात्याने रचलेला, संगणकांच्या जाळ्यात फिरता फिरता स्वतःविषयी जागा झालेला, देहविहीन असा कार्यक्रम आहे. पकडला जाताच तो अधिकाऱ्यांपुढे म्हणतो, की मी सजीव आहे आणि मला राजकीय आश्रय हवा. तू केवळ स्वतःला टिकवून धरणारी आज्ञावली आहेस, असे त्याला सांगितले जाते. तेव्हा, माणसाच्या पेशीतील वंशसूत्रे तरी दुसरे काय आहेत, असा प्रतिप्रश्न तो करतो. शेवटी कुसानागीचे यांत्रिक शरीर छिन्नविच्छिन्न होते आणि ती या सूत्रधाराशी एकरूप होते. मग एका लहान मुलीच्या देहात जागी होऊन ती सांगते, की आता मी पूर्वीची मेजरही नाही आणि तो सूत्रधारही नाही. चित्रपट येथे संपतो. देह गेला, व्यक्तित्व विस्तारले, आणि जे राहिले ते पूर्वीचे असूनही नवे आहे, असे त्याचे उत्तर आहे.

देवळाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे उत्तर परके वाटू नये. मूर्ती भंगली किंवा मंदिर जीर्ण झाले, म्हणजे आपले आगम काय सांगतात? आधी मूर्तीतील तत्त्व विधिपूर्वक कलशात उतरवून घ्यावे. त्या कलशाची पूजा खंडू देऊ नये. दक्षिणेकडील परंपरेत यासाठी जे तात्पुरते लहान देवालय उभारतात, त्याला ‘बालालय’ असेच नाव आहे. नवी मूर्ती सिद्ध झाली की तिच्यात त्या तत्त्वाची प्रतिष्ठा करावी, आणि जुन्या मूर्तीचे आदराने विसर्जन करावे. या विधीत दगडाला मान आहे. पण दगड म्हणजे देव, असे कोठेही म्हटलेले नाही. तसेच नवा दगड आणून बसविला की देव आपोआप आला, असेही म्हटलेले नाही. मधला कलश वगळून चालत नाही. आजच्या बहुतेक पुनर्निर्मितींत नेमका हाच कलश वगळलेला असतो.

कायद्याचाही निर्वाळा याच बाजूचा आहे. देवता ही न्यायालयापुढे उभी राहू शकणारी व्यक्ती होय, हे प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मान्य केले. हे व्यक्तित्व पाषाणाचे नव्हे. ते देवतेत मूर्तिमंत झालेल्या धार्मिक संकल्पाचे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या योगेंद्रनाथ नस्कर यांच्या निकालात आहे, आणि अयोध्येच्या ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात तो अधिक स्पष्ट झाला : मूर्ती नष्ट झाली तरी संकल्प व त्याचे कायदेशीर व्यक्तित्व नष्ट होत नाही. याहूनही बोलके उदाहरण तामिळनाडूतील पाथूर येथील नटराजाचे. मंदिर पडझडीला आलेले, मूर्ती भूमीत पुरलेली. १९७६ मध्ये ती वर आली आणि फिरत फिरत लंडनला पोहोचली. तिच्यावरील हक्काचा वाद चालला तेव्हा त्या उद्ध्वस्त मंदिराला स्वतःच्या नावाने दावा चालविता येतो, हे १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मान्य केले. भिंती पडल्या होत्या. वादी उभा होता.

आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांना तर यासाठी निकालपत्रे उघडण्याचीही गरज नाही. आपल्या कुलदैवताचा इतिहास आठवला तरी पुरे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळला आली. घडीव पाषाणाची वास्तू मागे राहिली व जमीनदोस्त झाली. आज आपण ज्या शिखरांपुढे व दीपमाळांपुढे हात जोडतो, ती मंदिरे पुष्कळ पुढच्या काळातील आहेत. म्हणून प्रियोळचा मंगेश हा कुशस्थळीचा मंगेश नव्हे, असे कोणता महाजन म्हणेल? ज्या समाजाने आपले दैवत कवच टाकून नदीपार नेले आणि नवे कवच घडेपर्यंत त्याची पूजा चालविली, त्या समाजाला देह व चैतन्य यांतील भेद कोणी जपानहून येऊन शिकविण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच नव्या देहाला सरसकट विरोध करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही.

हा सरसकट विरोध करणारा एक पक्ष आहेच. जुन्याला हातच लावू नये, असे तो म्हणतो. त्याला आमचे उत्तर असे, की ज्यांना तुम्ही मूळ म्हणता, तेही पुनर्निर्मितच आहेत. ओतोमो यांची ‘अकिरा’ ही चित्रकथा १९८२ पासून १९९० पर्यंत क्रमशः चालली. तिची पृष्ठे दोन हजारांहून अधिक. ती पुरी होण्याआधीच, १९८८ मध्ये, त्यांनी स्वतः तिचा दोन तासांचा चित्रपट केला. पात्रे कमी केली, शेवट वेगळा केला. तरी विनाशाच्या राखेवर उभे राहिलेले शहर, त्यात मोकाट सोडलेली पोरे, आणि पेलण्याची योग्यता नसता हाती आलेली शक्ती हा मूळ संकल्प यत्किंचितही ढळला नाही. शिरो यांची कुसानागी पुष्कळशी खोडकर व हसरी आहे. ओशी यांनी तिला गंभीर व अंतर्मुख केले, आणि प्रश्न मात्र तोच ठेवला. पुढे २००२ मध्ये केंजी कामियामा यांनी त्याच जगाची दूरचित्रवाणीमाला केली. तीत कथानक नवे होते. पण मूळ कोणते व नक्कल कोणती हे ठरविता न येणाऱ्या समाजात माणसाचे ‘मी’पण कोठे शोधावे, हा शोध तेथे पुढेच गेला. यांस आम्ही जीर्णोद्धार म्हणतो.

जीर्णोद्धाराहून लहान, पण आदरणीय असे दुसरे कर्म आहे. त्याला देवळाच्या भाषेत वज्रलेप म्हणावे. झिजलेल्या मूर्तीचे रूप न बदलता तिचे आयुष्य वाढविणे, एवढेच त्याचे काम. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला असे लेप वेळोवेळी झाले आहेत. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन २०१५ मध्ये झाले. ‘अकिरा’ची जुनी फीत स्वच्छ करून २०२० मध्ये अधिक सूक्ष्म रूपात ती लोकांपुढे आली, तो वज्रलेपच. परंतु लेप देणाऱ्या हातालाही मर्यादा सांभाळावी लागते, आणि कर्ता स्वतः असला तरी ती सुटत नाही. ओशी यांनी २००८ मध्ये आपल्याच चित्रपटाची नवी आवृत्ती काढली. हिरवट छटा जाऊन तांबूस पिवळी आली; सूत्रधाराचा पुरुषी आवाज जाऊन स्त्रीचा आला; आणि काही ठिकाणी हाताने रेखाटलेली कुसानागी काढून तेथे संगणकाने घडविलेली बसविली. परिणाम असा झाला, की एकाच चित्रपटात दोन कुसानाग्या दिसू लागल्या, आणि त्या एकमेकींना ओळखीत नाहीत. कथा अभंग राहिली म्हणून यास आम्ही विटंबना म्हणणार नाही. पण लेप जाड झाला, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

विटंबनेचे उदाहरण पाहावयाचे, तर २०१७ सालचा अमेरिकेतील ‘घोस्ट इन द शेल’ पाहावा. दिग्दर्शक रूपर्ट सँडर्स. नायिका स्कार्लेट जोहान्सन. जपानी पात्रासाठी गोरी नटी घेतली, म्हणून त्याच्यावर मोठा गदारोळ उठला. आमचा आक्षेप तो नव्हे. स्वतः ओशी यांनीच म्हटले होते, की जिचे शरीरच धारण केलेले आहे, तिने अमुकच वंशाचे रूप धारण करावे असे म्हणण्याला आधार नाही. ते तर्काला धरून आहे. आमचा आक्षेप आत शिरून आहे. या चित्रपटाने मूळचे जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध दृश्य उचलले : देह घडविण्याचा आरंभ, उंच इमारतीवरून घेतलेली उडी, उथळ पाण्यातील झुंज, समुद्राच्या तळाशी मारलेली बुडी, कोळ्याच्या आकाराचा रणगाडा. मूर्तीचे माप मिलिमीटरपर्यंत बरोबर. आणि संकल्प? मूळ कुसानागी विचारते, मी कोण? या चित्रपटातील मेजर विचारते, माझे पूर्वायुष्य कोणी चोरले? पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना तत्त्वचिंतक थकतात; दुसऱ्याला एक दुष्ट कंपनी आणि तिचा प्रमुख एवढे उत्तर पुरते. ‘मीरा किलियन’ या नावाने वावरणारी ही स्त्री वस्तुतः मोतोको नावाची जपानी मुलगी होती, असे निघते. तिला तिची आई भेटते आणि कथा मिटते. मुळात जी दुसऱ्या चैतन्याशी एकरूप होण्याचे साहस करते, तिच्याच नावाची नायिका येथे तशा एकरूपतेचे आमंत्रण नाकारते. प्रश्न बदलला, उत्तर उलटे केले, आणि नाव तेवढे ठेवले!

न्यायबुद्धी सांगते, की प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य करावा. या चित्रपटात प्रत्येक उपचारापूर्वी नायिकेकडून तिची संमती तोंडाने वदवून घेतली जाते. पुढे तिची वैद्य कबूल करते, की त्या संमतीची आम्हांला कधीच गरज नव्हती. संमतीच्या कागदाखाली दडलेली सक्ती ज्याने न्यायालयात पाहिली आहे, त्याला हा प्रसंग अस्सल वाटेल. पण या एका प्रसंगानेच सारा चित्रपट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. कंपनीचा गुन्हा कोणता? तिने एका जपानी मुलीचे चैतन्य काढून घेतले, तिची स्मृती पुसली, तिला नवे देखणे कवच चढविले, नवे नाव दिले, आणि आम्ही हिला अधिक श्रेष्ठ केले असे म्हटले. चित्रपटाने मूळ कृतीचे याहून वेगळे काय केले? स्वतःच्या हातून घडत असलेला अपराध तो पडद्यावरील खलपुरुषाच्या माथी मारतो, आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही.

आता जपान व अमेरिका सोडून घरी येऊ. कारण रामकथेच्या बाबतीत हीच परीक्षा आपल्यावर आलेली आहे. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ मध्ये रामायणाशी निगडित उत्खननांवर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि रामकथेने भारून गेले. भारताचे ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन व जपानचे कोइची सासाकी यांच्यासह त्यांनी ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट घडविला. एका परदेशी माणसाने आमच्या देवाची व्यंगचित्रे काढावीत काय, असा विरोध त्या काळी झाला. चित्रपट १९९३ च्या जानेवारीत नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. पुढे दूरचित्रवाणीवरून तो मुलांच्या एका पिढीच्या मनात बसला. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी वज्रलेप होऊन तो देशभरच्या चित्रगृहांत आला. त्यातील रामाच्या डोळ्यांची ठेवण जपानी आहे, असे कोणी म्हणेल. असेना! शत्रूच्याही मृत्यूने खिन्न होणारा राम तेथे आहे, आणि राम ओळखावयाचा तो त्या खिन्नतेने.

त्यानंतर तीस वर्षांनी, १६ जून २०२३ रोजी, ‘आदिपुरुष’ आला. दिग्दर्शक ओम राऊत; म्हणजे मराठी मातीतले, रामकथा ज्यांच्या कानांवर जन्मापासून पडलेली. साधनांची तर कमतरताच नव्हती. हा कोणत्या एका जुन्या चित्रपटाचा नवा अवतार नव्हता, हे खरे. पण जुन्या कथेला नवे कवच चढविण्याचाच तो उद्योग होता. मारुतीच्या मुखी जी भाषा घातली गेली, तिच्यावर असा क्षोभ उसळला, की काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयापुढेही गेले. बंदीची मागणी करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. भक्ती पोलिसांकरवी राखता येत नाही. आम्ही फक्त एवढेच विचारतो : जन्माने परका असलेल्या साको यांच्या हाती जो संकल्प सापडला, तो आपल्या घरच्या, सर्वसाधनसंपन्न हातांतून का निसटला? आमचे उत्तर असे, की साको यांनी आधी कलश भरला आणि मग मूर्ती घडविली. ‘आदिपुरुष’मध्ये मूर्तीच्या झळाळीची चिंता फार वाहिली गेली, कलशाचे स्मरण कोणाला झाल्याचे दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, की प्रत्येक पिढीला तिच्या भाषेत कथा सांगावी लागते. निश्चितच सांगावी. आमच्या संतांनी दुसरे काय केले? गीता संस्कृताच्या कवचातून मराठीच्या कवचात आली, ती अधिक लोकांच्या हृदयात उतरावी म्हणून. भाषा बदलणे आणि आशय हलका करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे नाव पुढे करून दुसरी चालविणे ही लबाडी होय. दुसरा कोणी म्हणेल, की हक्क विकत घेतले, आता आम्ही काहीही करू. या युक्तिवादाला कायद्याने उत्तर दिले आहे, परंतु ते अपुरे दिले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते, की हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड करून आपल्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्याला रोखण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात या अधिकाराचे महत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने ओळखले. अमरनाथ सहगल यांच्या विज्ञानभवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात २००५ मध्ये त्याच न्यायालयाने सरकारलाही या कलमाचा धाक दाखविला.

तथापि याच कायद्याच्या व्याख्येत चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. याचा अर्थ काय होतो, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिसले. ‘रांझणा’ या २०१३ च्या चित्रपटाची तमिळ आवृत्ती, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून, पुन्हा चित्रगृहांत आली. मूळ चित्रपटात जो नायक मरतो, तो या आवृत्तीत जगतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष यांनी जाहीर निषेध केला; आवृत्ती चाललीच. ज्याने मृत्यू लिहिला त्याला न विचारता जीवदान देणारे हे यंत्र उद्या कोणत्याही जुन्या मराठी चित्रपटाच्या अखेरीला हात घालील. दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होती; २०१२ च्या कायद्यात ती उतरली नाही. ती पुन्हा आणावी, आणि कलम ५७ चे संरक्षण दिग्दर्शकाला मिळावे, ही आमची स्पष्ट मागणी आहे. संकल्प करणाऱ्याचा आवाज न ऐकता केलेला बदल पाषाणाच्या देवळात आपण जर अनुचित मानतो, तर प्रकाशाच्या पडद्यावर तो उचित कसा ठरेल?

आणि पाषाणाच्या देवळात तरी आपण तो खरोखर अनुचित मानतो काय? परक्यांना चार शब्द सुनावल्यावर घरच्यांना सोडणे वकिलीला शोभेल, सत्याला शोभणार नाही. आमच्या भागात हलशीचे भूवराह नरसिंहाचे मंदिर आणि देगावचे कमलनारायणाचे मंदिर कदंबांच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकापासून, उभी आहेत. या पट्ट्यातील गावोगावची लहान देवळे कौलारू. कोठे चिऱ्याच्या भिंती, कोठे लाकडी कोरीव खांब, पावसाळ्यात गारवा धरून राहणारा अंधारा गाभारा, आणि बाजूला देवराई. अशी देवळे एकामागून एक पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी सिमेंटचा स्लॅब, चकचकीत फरशी व भडक रंगांची शिखरे उभी राहत आहेत. देणगीदारांच्या नावांची पाटी मोठी. देवाचे मूळ नाव व ग्रामदैवत म्हणून त्याची कथा कोठे लिहिलेली नाही. खांब जळाऊ लाकडाच्या भावाने जातात. पावसात गळणारे छप्पर बदलले पाहिजे, वाकलेली तुळई काढली पाहिजे, यात वाद नाही. पण पाडण्यापूर्वी त्या वास्तूत काय काय होते, कोणत्या दिवशी सूर्यकिरण कोठे पडत होते, कोणत्या खांबाशी कोणत्या घराण्याचा मान होता, पालखी कोणत्या वाटेने निघत होती, याची नोंद किती समित्यांनी केली? मूर्तीचे तत्त्व कलशात घेण्यासाठी पुरोहित बोलाविला जातो. गावाच्या स्मृतीचे तत्त्व घेण्यासाठी कोणीच बोलाविला जात नाही. आणि स्मृती पुसून नवे कवच चढविले, म्हणजे काय होते, हे त्या कचरा उचलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आपण पाहिलेच आहे.

म्हणून देवस्थानांच्या महाजनांना व जीर्णोद्धार समित्यांना आमचे सांगणे आहे. पहिली कुदळ मारण्याआधी गावातील वृद्धांना एकत्र बसवा. त्यांच्या तोंडून देवळाचा संकल्प, आचार आणि मानपान लिहून घ्या. प्रत्येक खांबाचे व शिलेचे छायाचित्र आणि माप घ्या. जे राखता येईल ते राखा, आणि जे काढावे लागेल त्याचे कारण कागदावर मांडून सर्वांच्या सह्या घ्या. ती वही देवळाच्या दप्तरात ठेवा. मग खुशाल नवे बांधा. आणि ज्या तरुणांना आपण उत्सवाच्या वेळी केवळ खुर्च्या उचलण्यासाठी बोलावतो, त्यांच्या हाती ही वही सोपवा. कवच आणि चैतन्य यांतील भेद या मुलांनी पडद्यावर पाहिला आहे. कोणती पुनर्निर्मिती जिवंत व कोणती पोकळ, यावर ती आपसांत तासन्‌तास वाद घालतात. त्या वादाला आपण पोरखेळ म्हणत राहिलो, तर देवळांच्या बाबतीत तोच वाद घालण्यासाठी उद्या ती आपल्याकडे येणार नाहीत. आणि ती आली नाहीत, तर या कौलारू देवळांच्या बाजूने समितीच्या सभेत बोलावयास कोणी उरणार नाही.